ख्रिस्ताची वधू आणि आपल्या लेकी

(असोदा येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गावात बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला, त्या गावात उभं राहून वधूविषयी बोलायचं म्हणजे जबाबदारीचं काम आहे. २४ ऑगस्ट १८८० रोजी महाजनांच्या घरी ती जन्मली आणि तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींची नवरी होऊन गेली. असोदा ते जळगाव अंतर ते किती! पण तेवढ्या वाटेवर तिनं किती गाणी पेरून ठेवली आहेत. माहेरच्या वाटेवरची तापलेली मातीसुद्धा तिच्या पायाला मऊ लागते. मी भुसावळच्या ख्रिस्ती घरातली लेक. आमच्या घरी बायबलही होतं आणि बहिणाबाईंची गाणीही होती. आज बोलायचं आहे ते बायबलातल्या एका प्रतिमेबद्दल. श्रद्धावंतांचा समुदाय, म्हणजे मंडळी, ही ख्रिस्ताची वधू आहे, ही ती प्रतिमा. ख्रिस्ती नसलेल्यांना ती नवखी वाटेल. मात्र नवरीपण म्हणजे काय, हे या सभागृहातल्या बायकांना मी सांगायची गरज नाही.

ही प्रतिमा एका दिवसात घडलेली नाही. ख्रिस्ताच्या कित्येक शतकं आधी होशेय, यशया, यिर्मया या संदेष्ट्यांनी इस्राएल लोकांना देवाची पत्नी म्हटलं. पुढे येशूनं स्वतःचा उल्लेख वर म्हणून केला. माझे शिष्य उपास का करीत नाहीत असं विचारता, पण वर सोबत असताना वऱ्हाडी उपाशी राहतात का, असं त्याचं उत्तर होतं. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो. पौल करिंथकरांना लिहिताना म्हणतो की तुमची सोयरीक मी एकाच वराशी जुळवली आहे. आणि बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, एका लग्नातच संपतं. तिथे वधू म्हणून कोणी एक बाई दिसत नाही, दिसतं ते स्वर्गातून उतरणारं आख्खं शहर.

हे शेवटचं नीट लक्षात घ्यायला हवं. बायबलातल्याच गीतरत्न या पुस्तकात दोन प्रेमिकांची गाणी आहेत आणि देवाचं नाव त्यात जवळजवळ येतच नाही. त्यावर शतकानुशतकं भाष्यं झाली. फ्रान्समधल्या क्लेअरव्हॉच्या मठातले संत बर्नार्ड यांनी या एका छोट्या पुस्तकावर ८६ प्रवचनं रचली आणि ११५३ मध्ये मरण आलं तेव्हा ते जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला पोचले होते. ऐकणारे सगळे संन्यासी पुरुष. आपला आत्मा ही वधू, असं मानून ते ऐकत. एकेका जीवाचं देवाशी लग्न, ही समजूत तिथून दृढ होत गेली. ती सुंदर आहे, यात वाद नाही. पण मूळ ग्रंथात वधू म्हणजे बहुधा सगळा समुदाय असतो. एकट्यादुकट्यानं नवरी व्हायची सोय तिथे फारशी नाही. याकडे मी पुन्हा येणार आहे.

मराठी माणसाला यातलं काही परकं आहे का? मला तसं वाटत नाही. तेराव्या शतकात रिद्धपुरात श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यासाठी महदाइसेनं धवळे गायले. आपल्या भाषेतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीची ही रचना म्हणजे रुक्मिणी आणि कृष्णाच्या लग्नाची गाणी आहेत. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केलं आणि त्या लग्नात जीव-शिवाचं मीलन पाहिलं. उपवर मुलींनी त्याचं पारायण करायचं, ही रीत तुमच्यापैकी अनेकींच्या आज्यांना ठाऊक असेल. ज्ञानदेवांनी विरहिणी होऊन अभंग लिहिले. वारीत मिशीवाला गडी गौळण गातो तेव्हा गोपी होतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तेव्हा पुरुष श्रद्धावंतांनी स्वतःला वधू समजायचं, ही गोष्ट युरोपातल्या एखाद्या मठापेक्षा आपल्या फडावर जास्त सहज मुरली असती.

आणि तरीही मराठी भक्तीनं देवाला जवळ केलं ते मुख्यतः आई म्हणून. विठाई, माउली. पंढरपूर म्हणजे माहेर. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघते तेव्हा आपण म्हणतो, लेक माहेरी निघाली. मराठी ख्रिस्ती कवींचे अग्रणी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीही ख्रिस्ताला हाक मारली ती माउली म्हणून, गुरू म्हणून. वर म्हणून हाक मारण्याकडे त्यांचा ओढा कमी होता. याचं कारण मला पुस्तकांत शोधावं लागत नाही. आखाजीच्या सणाला झोक्यावर बसलेल्या पोरींची गाणी ऐकली की कारण कळतं. माहेर म्हणजे विसावा आणि सासर म्हणजे जातं, चूल, शेत, सासूचा डोळा. बहिणाबाईंच्या एका गाण्यात योगी तिला विचारतो की माहेर एवढं गोड, तर सासरी का नांदतेस? तिचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. आपल्या लेकीला माहेर मिळावं म्हणून आई सासरी दिवस काढते. अशा बाईला जाऊन सांगायचं, बाई गं, देव तुझा नवरा आहे! ती काय समजेल? आणखी एक सासर?

मी हा प्रश्न मनापासून विचारते आहे, कारण चर्चच्या व्यासपीठावरून ही प्रतिमा अनेकदा अशी सांगितली गेली आहे की ऐकणाऱ्या बाईनं मान आणखी खाली घालावी. नवरा देवासारखा, म्हणून त्याचं ऐक. आपल्याकडे ‘पती हाच परमेश्वर’ हे आधीच होतं, त्यावर वचनाचं शिक्कामोर्तब झालं. खुद्द बायबलातही कठोर जागा आहेत. यहेज्केल संदेष्ट्याच्या सोळाव्या अध्यायात बेइमान पत्नीला दिलेली शिक्षा बाई म्हणून वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. त्या काळच्या पुरुषांचा राग तिथे देवाच्या तोंडी आला आहे, असं माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही.

पण मग या प्रतिमेत मागणं नेमकं कोणाकडे आहे, ते बघू. मुख्य भार वधूवर आहे की वरावर?

नवापूर-नंदुरबारकडच्या भिल्ल, मावची समाजात लग्न ठरताना वरपक्ष देज देतो. मुलगी एका घरातून जाते, तिच्या हातांची किंमत असते, म्हणून देणं वराकडून. आपण गावातले शिकलेले लोक मात्र हुंडा घेतो. १९६१ पासून कायद्यानं बंदी असूनही घेतो. बायबलची रीत त्या आदिवासी पाड्याच्या बाजूची आहे. होशेयची बायको घर सोडून गेली, दुसऱ्याच्या ताब्यात गेली. देवानं त्याला सांगितलं, जा, तिच्यावर पुन्हा प्रेम कर. तो गेला आणि पंधरा शेकेल चांदी आणि वर सातू मोजून तिला परत घेऊन आला. ज्याचं नाक कापलं गेलं असं गाव म्हणतं, तोच नवरा धान्य मोजतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. निम्मी चांदी आणि निम्मं धान्य. पुरेसे पैसे नसावेत त्याच्याकडे. संदेष्टा म्हणतो, देव असा आहे.

पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय लग्नविधीत वाचतात. त्यात बायकांनी अधीन राहावं हे येतं आणि आपले कान नेमके तिथे टवकारतात. पण त्याच्या आधीच्याच वाक्यात सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावं असं म्हटलं आहे आणि पुढे पतींना जे सांगितलं आहे ते मोजून पाहिलं तर बायकांना सांगितलेल्यापेक्षा कितीतरी लांब आहे. ख्रिस्तानं मंडळीवर प्रेम केलं आणि तिच्यासाठी स्वतःला देऊन टाकलं, तसं तुम्ही करा. देऊन टाकलं म्हणजे मरण पत्करलं. देज म्हणून वरानं स्वतःचा जीव मोजला, ही या प्रतिमेची गाभ्याची गोष्ट.

आता केडगावला चला. पंडिता रमाबाईंचं लग्न १८८० मध्ये झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले. पदरात मनोरमा, वय वर्ष एकही नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि १८९६-९७ च्या दुष्काळापासून केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली-बाया आणल्या. त्यांत बालविधवा होत्या. त्यांतल्या काहींना नवऱ्याचा चेहराही आठवत नव्हता. तरी त्या पांढऱ्या पायाच्या ठरल्या होत्या. हिनं नवऱ्याला खाल्लं, हे शब्द लहान पोरीला ऐकवणारा समाज आपलाच होता. केस काढलेले, कपाळ मोकळं, मंगलकार्यात मागच्या दाराला.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. वर्षानुवर्षं हे काम चाललं. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्याही तिथल्या बाया. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला. मी तो छापखाना मनाशी आणते तेव्हा मला गीतरत्नाची पानं दिसतात. एका विधवेनं केलेलं भाषांतर आणि शिशाचे खिळे एकेक करून पट्टीत बसवणाऱ्या परित्यक्ता, विधवा. ज्यांना हळदी-कुंकवाला बोलावणं बंद झालं, त्यांच्या बोटांखालून प्रियकर-प्रेयसीचं गाणं उमटत होतं आणि मंडळीत त्यांना सांगितलं जात होतं, की ही वधू तुम्ही आहात.

पुढची गोष्ट कुणी मोठ्या विद्वानानं सांगायच्या आधी त्या पोरींना कळली असेल, अशी माझी खात्री आहे. त्यांच्या गावच्या हिशेबात वर मेला तर दोष वधूचा. शुभवर्तमानाच्या हिशेबात वर वधूसाठी मरतो, स्वखुशीनं मरतो आणि तिच्यावर बोट उगारायला कुणाला जागाच ठेवत नाही. आणि तो मेलेला राहत नाही. जिच्या नशिबाला आयुष्यभर वराच्या मरणाचा डाग लागला, तिच्यासाठी हे ऐकणं काय असेल! धर्मशास्त्राच्या वर्गात या प्रतिमेवर मी पुष्कळ वाचलं, पण तिचा पुरता अर्थ मला लागला तो या केडगावच्या मुलींचा विचार करताना.

तुमच्या बहिणाबाईंचं वैधव्यही आठवा. तिशीच्या सुमारास नथूजी गेले. त्यानंतरच्या तिच्या गाण्यात कुंकू पुसल्यावर कपाळावरची नशिबाची रेघ उघडी पडते, बांगड्या फुटतात, तरी मनगटातलं बळ ती शाबूत ठेवते. ज्योतिषाला तर ती दारातूनच परत पाठवते. केडगावच्या बायांनी ख्रिस्ताकडे जाऊन जे मिळवलं, ते असोद्याच्या या लेकीनं जात्यावर बसून आपल्या देवाशी भांडत मिळवलं. वाटा वेगळ्या आहेत. दोन्हीकडे बाईनं ‘मी अपशकुनी’ हे म्हणणं नाकारलं आहे.

या प्रतिमेत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वाट पाहणं. जुन्या यहुदी रीतीत लग्न दोन टप्प्यांत होई. आधी पक्का वाङ्निश्चय, तो मोडायचा तर सोडचिठ्ठी लागे इतका पक्का. आणि मग साधारण वर्षभरानं वर वाजतगाजत येऊन तिला घरी नेई. आपल्याकडेही लहानपणी लग्न लागे आणि मुलगी नांदायला जाई ती काही वर्षांनी. मधल्या काळात ती माहेरीच, पण दुसऱ्या घरची. ख्रिस्ती मंडळी आज त्या मधल्या काळात आहे. शब्द दिला गेला आहे, नेणारा यायचा आहे. दिव्यात तेल घालून जागणाऱ्या कुमारींचा येशूनं सांगितलेला दृष्टान्त त्याच रात्रीचा आहे.

पण वधूनंच वाट पाहावी असं कुठे आहे? होशेयच्या गोष्टीत वाट पाहतो तो नवरा. आणि मराठीत असा एक नवरा खरोखर होऊन गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आभाळ कोसळलं. त्या लेकराला घेऊन पंढरपूरला नातेवाइकांत राहिल्या. १८६६ च्या कायद्यानं धर्मांतरिताला अशा वेळी विवाह मोडून घ्यायची वाट ठेवलेली होती. टिळकांनी ती धरली नाही, दुसरं लग्न केलं नाही. जवळजवळ पाच वर्षं गेली. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही सोवळं पाळत वेगळा स्वयंपाक करीत राहिल्या आणि टिळकांनी धर्मासाठी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे, की टिळक काही आदर्श नवरा नव्हते. तापट, भटके, घरातलं उचलून कुणालाही देऊन टाकणारे. पण या एका बाबतीत ते होशेयच्या पंगतीचे. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी राहुरीत बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

आणि त्याआधी त्यांच्या मनात काय घडलं? ख्रिस्ताविषयी मोठा साक्षात्कार वगैरे काही नाही. जात कुणी केली, हा प्रश्न त्यांना पडला. देवानं केली असती तर माणसामाणसांत तसा फरक दिसला असता, असा विचार करून त्यांनी ठरवलं, की कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. मघाशी मी म्हटलं, की वधू म्हणजे समुदाय, त्याचं मोल इथे कळतं. वधू एक आहे. ब्राह्मण वधू वेगळी, महार वधू वेगळी, मांग वधू वेगळी असं करून कुणी ख्रिस्ताशी लग्न लावू शकत नाही. मराठी ख्रिस्ती समाजानं हे नेहमी पाळलं का? नाही पाळलं. सोयरिकी जुळवताना आजही आमच्यात पूर्वीची जात विचारली जाते. ज्या मंडळीत हे चालतं, तिनं स्वतःला ख्रिस्ताची वधू म्हणवून घेऊ नये, असं मी इथे स्पष्ट सांगते.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ दहा अध्यायांवर थांबलं होतं. ज्या बाईला नवऱ्यानं अक्षरं गिरवायला शिकवलं, तिनं विधवा झाल्यावर पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. मला वाटतं, ‘वधू’ या प्रतिमेवर मराठीत यापेक्षा मोठं भाष्य झालेलं नाही.

आमच्या ख्रिस्ती लग्नांत नवरी चर्चमध्ये पांढरी साडी नेसते. प्रकटीकरणात वधूला शुभ्र तागाचं वस्त्र दिलं आहे, तीच आठवण. संध्याकाळी ती हिरवी किंवा लाल साडी नेसते, मंगळसूत्र घालते. आमच्या शेजारच्या एक लेवा पाटील आजी एका लग्नाला आल्या आणि माझ्या आईच्या कानाशी लागून म्हणाल्या, “माय वो, नवरीले पांढरं लुगडं कसं वो?” आईनं त्यांना हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं. आजी विधवा होत्या, पांढऱ्या नऊवारीत होत्या आणि लग्नघरात पुढे बसायची त्यांना सवय नव्हती. नवरी आत आली तेव्हा त्या चर्चमधल्या सगळ्या रंगीत साड्यांत पांढऱ्या दोनच होत्या, तिची आणि आजींची.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनी हेरवाडचं अनुकरण करावं, असं परिपत्रक काढलं. कागद निघाला, मांडवात तो किती उतरला हे ज्यानं त्यानं आपल्या घरी पाहावं. मी आमच्या चर्चच्या पाळकांना आणि वडीलजनांना विनंती करते, की इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय लग्नात वाचाल तेव्हा पतींना सांगितलेला भाग सावकाश, मोठ्यानं वाचा आणि लग्नाच्या नोंदवहीवर साक्षीदार म्हणून एखाद्या विधवेची सही घ्या. आणि असोद्याच्या गावकऱ्यांना हात जोडून सांगते, की बहिणाबाई तुमच्या गावची. येत्या लग्नसराईत तुमच्या घरी हळद असेल, तेव्हा घरातली जी आत्या, मावशी, वहिनी मागच्या दाराशी उभी असते, तिला पुढे बोलवा आणि नवरीला पहिली हळद तिच्या हातून लावा.